रस्त्याचं नाव नसलेला पत्ता : क्राकूवच्या नोवा हुताची गोष्ट

पोलंडला आल्यावर मी पहिल्यांदा घर भाड्याने घेतलं तेव्हा मालकीणबाईंनी कागदावर पत्ता लिहून दिला, आणि त्यात रस्त्याचं नावच नव्हतं. वसाहतीचं नाव, बिल्डिंगचा नंबर, फ्लॅटचा नंबर, संपलं. मी रात्री ऑनलाइन फॉर्म भरायला बसले तर रस्त्याचा रकाना लालेलाल, पुढे जाऊच देईना. सकाळी फोन केला तर बाई म्हणाल्या, अगं रस्त्याच्या जागी वसाहतीचंच नाव टाक, इथे सगळे तसंच करतात. टाकलं. पहिलं पार्सल दोन दिवस शेजारच्या वसाहतीतल्या त्याच नंबरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन बसलं.

तेव्हा वैताग आला होता, पण आता वाटतं की या भागाची अख्खी गोष्ट त्या रिकाम्या रकान्यात आहे. हे गाव रस्त्याकडे तोंड करून बांधलेलंच नाही, आत अंगणाकडे तोंड करून बांधलंय. आणि हे कळायला मला मदत झाली ती माझ्या मामाची, जो आयुष्यात कधी पोलंडला आलेला नाही, पण तीसेक वर्षं भिलाईला स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहिलाय. ते पुढे सांगते.

आपल्याकडे पोलंड म्हटलं की कोल्हापूरजवळचा वळिवड्याचा, महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांचा कॅम्प आठवतो, किंवा ऑशविट्झ. फिरायला येणारे लोक क्राकूवला येतात, राजवाडा बघतात, जुन्या चौकात कॉफी पितात आणि जातात. नोवा हुता हा त्याच क्राकूवचा पूर्वेकडचा टोकाचा भाग, जुन्या चौकापासून दहाएक किलोमीटर. चार नंबरची ट्राम पकडायची आणि बसून राहायचं. 'नोवा' म्हणजे नवी, आपल्या 'नवा'शी नातं असलेलाच शब्द, आणि 'हुता' म्हणजे धातू वितळवायचा कारखाना. नवा कारखाना. गावाचं नाव म्हणून हे जरा रुक्षच आहे, पण निदान खोटं तरी नाही. आधी कारखाना ठरला, मग त्याच्यासाठी माणसं, मग माणसांसाठी घरं.

झालं असं की दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंड सोव्हिएत गटात गेला आणि तिथल्या कम्युनिस्ट सरकारने ठरवलं की शेतीप्रधान देशाचा कारखान्यांचा देश करायचा, तोही झटपट. त्यासाठी पोलाद हवं. पोलादाला कोळसा लागतो, लोखंडाचा दगड लागतो, पाणी लागतं आणि हात लागतात. कोळसा पश्चिमेला सिलेशियात जवळच होता, लोखंडाचा दगड पूर्वेकडून सोव्हिएत युनियनमधून रेल्वेने येणार होता, पाणी विस्तुला नदीचं, आणि हात म्हणाल तर आसपासच्या खेड्यांत एकेका घरात पाच-सहा पोरं आणि वाट्याला जमिनीचा तुकडा, असली गरिबी. हिशोबाने बघितलं तर जागा काही चुकीची नव्हती. पण क्राकूवचे लोक आजही दुसरंच कारण सांगतात, की आम्हाला धडा शिकवायला तो कारखाना आमच्या उशाशी आणून ठेवला. क्राकूव म्हणजे जुनं विद्यापीठ, प्राध्यापक, पाद्री, घराणी, थोडक्यात आपल्या सदाशिव पेठेसारखा कारभार. १९४६ मध्ये सरकारने सार्वमत घेतलं होतं आणि सांगितलं होतं की तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हणा, तर क्राकूवने तोंडावर 'नाही' म्हटलं. अशा शहराच्या शेजारी कामगारांचं एक मोठं शहर वसवलं की जुन्यांचं वजन आपोआप कमी होईल, असा विचार झाला असणार यात मला तरी शंका नाही. पण फक्त सूड म्हणून कोणी एवढा खर्च करत नाही, दोन्ही कारणं एकत्रच धरावीत.

जमीन मात्र चुकीची निवडली. म्हणजे इमारतींसाठी ठीक, पण ही होती काळी, कसदार, त्या भागातली सगळ्यात चांगली शेतजमीन. विदर्भातल्या माणसाला काळ्या मातीचं काय असतं हे सांगायला नको. मोगिवा, प्लेशुफ, बिएन्चित्से, क्शेस्वावित्से अशी खेडी होती, क्राकूवच्या बाजारात भाजी आणि धान्य इथून जायचं. २३ जून १९४९ ला पहिल्या बिल्डिंगचं काम सुरू झालं, म्हणजे ऐन पिकाच्या दिवसांत.

आणि ही काही ओसाड माळावरची गोष्ट नाही, जरी तेव्हाच्या प्रचारात तसंच दाखवलं जायचं की इथे काहीच नव्हतं आणि आम्ही शहर उभं केलं. खणायला घेतलं तर नवाश्मयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष निघाले. मोगिव्यात सिस्टर्शियन साधूंचा मठ आहे तो १२२२ पासून, त्याच्या समोर लाकडी चर्च आहे ते १४६६ चं. क्शेस्वावित्सेला यान मातेयको या पोलंडच्या सगळ्यात मोठ्या इतिहास-चित्रकाराचं घर, त्याने १८७६ मध्ये घेतलेलं. आणि कारखान्याच्या जवळच वांदाची टेकडी. वांदा म्हणजे दंतकथेतली राजकन्या, जर्मन राजपुत्राशी लग्न करायला नको म्हणून तिने विस्तुलेत उडी घेतली अशी कथा आहे आणि तिची समाधी म्हणून लोकांनी माती टाकून ही टेकडी केली म्हणतात. गंमत बघा, राजेरजवाड्यांना नावं ठेवणाऱ्या सरकारने बांधलेली पहिली वसाहत, तिचं नाव पडलं 'वांदाची वसाहत'. टेकडी शेजारीच होती, दुसरं काय नाव देणार!

बांधलं कोणी, तर खेड्यातल्या पोरांनी. 'पोलंडची सेवा' नावाची सरकारी युवक संघटना होती, तिच्या तुकड्या आल्या, बाकीचे कामाच्या शोधात आले. बराकी, एका खोलीत दाटीवाटीने खाटा, आणि चिखल. जुने फोटो बघितले तर पहिली गोष्ट दिसते ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. अनेकांनी इथे येऊन पहिल्यांदा लिहा-वाचायला शिकलं, पहिल्यांदा नळाचं पाणी बघितलं, पहिल्यांदा पगार हातात घेतला, हे खरं आहे आणि ते विसरून चालत नाही. पण दारू, मारामाऱ्या, अपघात हेही तितकंच खरं. १९५५ मध्ये रिशार्द कापुश्चिन्स्की नावाच्या तेवीस वर्षांच्या पत्रकाराने एका युवक वृत्तपत्रात इथली खरी अवस्था छापली तर असा गदारोळ झाला की त्याला काही काळ लपून राहावं लागलं, आणि नंतर चौकशीत त्याचंच म्हणणं बरोबर निघाल्यावर त्याच सरकारने त्याला पदक दिलं. पुढे तो जगप्रसिद्ध झाला.

आता रस्त्याच्या नावाकडे येऊ. मुख्य आर्किटेक्ट होते तादेउश प्ताशित्स्की, त्यांच्याबरोबर तरुण आर्किटेक्टांची मोठी टीम. वरून हुकूम होता की शैली 'समाजवादी वास्तववादी' हवी, म्हणजे भव्य, खांब-कमानींची, मॉस्कोला आवडेल अशी. त्यांनी काय केलं, की दर्शनी भागाला पोलंडच्याच जुन्या रेनेसाँ इमारतींचं वळण दिलं, आणि आतली मांडणी मात्र ठेवली 'शेजार-घटक' या कल्पनेवर, जी मुळात १९२० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स पेरीने मांडलेली. स्टालिनच्या काळातलं आदर्श शहर आणि नकाशाच्या पोटात न्यूयॉर्कची आयडिया! कल्पना साधी आहे. पाच-सहा हजार माणसांचा एक तुकडा घ्यायचा, मोठे रस्ते त्याच्या कडेने काढायचे, आत गाड्यांचा रहदारीचा रस्ता नाहीच, आणि शाळा, पाळणाघर, दुकानं, दवाखाना हे सगळं मोठा रस्ता न ओलांडता मिळालं पाहिजे. अशा एका तुकड्याला म्हणायचं 'ओशेद्ले'. वसाहत म्हणा, कॉलनी म्हणा. पत्त्यात तेच नाव येतं: हिरवी वसाहत, पोलादाची वसाहत, उन्हाची वसाहत, शाळेची वसाहत, आणि मधल्या चौकाभोवतीच्या चार तर नुसत्या सेंटर ए, बी, सी, डी. आर्किटेक्ट नाव ठेवायला कंटाळले असावेत.

हे मी मामाला व्हिडिओ कॉलवर समजावत होते तर तो मधेच म्हणाला, अगं म्हणजे सेक्टर. मी म्हटलं हो रे, सेक्टर! भिलाईचा करार १९५५ चा, पहिली भट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली, सोव्हिएत मदतीने. नोवा हुताची पहिली भट्टी जुलै १९५४ ची, तीही सोव्हिएत मदतीने. दोन्हीकडे कारखान्याशेजारी अखंड नवं गाव, दोन्हीकडे पत्ता म्हणजे तुकड्याचं नाव आणि नंबर. भिलाईत मराठी घरं किती आहेत हे नागपूरकडच्या माणसाला माहीत असतं, तर त्यांना नोवा हुता समजवायला दोन मिनिटं पुरतात, पुण्या-मुंबईच्यांना तासभर लागतो.

आत शिरल्यावर काय दिसतं ते सांगते, कारण फोटोत नेहमी बाहेरचे खांबच येतात. रस्त्यावरून एका उंच कमानीखालून आत गेलं की आवाज एकदम पडतो. चारी बाजूंनी तीन-चार मजली राखाडी बिल्डिंगा, मधे मोठं अंगण, आणि अंगणात झाडं म्हणजे शोभेची नाहीत, सत्तर वर्षांची, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या वर गेलेली. त्याखाली बाक. बाकावर आजी. प्रत्येक अंगणात एक लोखंडी चौकट असते, दोन खांब आणि वर आडवे दांडे, मला आधी वाटलं कपडे वाळत घालायला. ती असते सतरंज्या झटकायला, गालिचा त्यावर टाकायचा आणि वेताच्या झटकणीने बडवायचा. नाव 'त्शेपाक'. आता व्हॅक्यूम क्लीनर आले, सतरंज्या कोणी फारसं बडवत नाही, पण शनिवारी पोरं त्यावर गुडघ्यांनी उलटी लटकलेली असतात आणि त्यांच्या आज्या बाकावरून ओरडतात, आणि त्या आज्याही लहानपणी तिथेच लटकायच्या. माझ्या शेजारणीने हे मला सांगितलं, वय ऐंशीच्या पुढे, ती इथे आली तेव्हा म्हणे ही झाडं तिच्या कमरेएवढी होती.

बरं, या नकाशात सगळं होतं. शाळा, थिएटर, सिनेमा, हॉस्पिटल, तळं, इमारतींखाली अणुयुद्धासाठी तळघरं. एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे चर्च. विसरले नव्हते, मुद्दाम. नव्या कामगाराला देवाची गरज नसणार असं गृहीत धरलं होतं. आणि इथे राहायला आणले कोण, तर खेड्यातले कॅथलिक शेतकरी! म्हणजे पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांतून माणसं उचलून आणायची आणि सांगायचं की आषाढी विसरा.

१९५६ मध्ये स्टालिननंतरची हवा जरा मोकळी झाली तेव्हा सरकारने चर्चला परवानगी दिली, जागाही दिली, १९५७ मध्ये लोकांनी तिथे लाकडी क्रूस उभा केला. मग हवा पुन्हा बदलली, परवानगी रद्द, म्हणे इथे शाळा होणार. २७ एप्रिल १९६० च्या सकाळी कामगारांची एक टोळी क्रूस उपटायला आली. आधी धावल्या त्या बायका, बाजाराच्या पिशव्या घेऊन चाललेल्या, हातात येईल ती मातीची ढेकळं त्यांनी मारली आणि त्या लोकांना पळवून लावलं. दुपारी कारखान्याची पाळी सुटली आणि बाकीचे येऊन मिळाले, हजारोंची गर्दी. अश्रुधूर, पाण्याचे फवारे, गोळीबार, रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर लढाई, शेकडोंना अटक, काहींना वर्षानुवर्षं कैद, काहींची नोकरी गेली. क्रूस मात्र राहिला. शाळा त्याच्या बाजूला झाली. लाकडी क्रूस बदलला पण जागा तीच, चर्च तिथे झालं ते फार नंतर, कम्युनिस्ट गेल्यावर.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या दिवशी ढेकळं मारणारे कोणी क्राकूवचे जुने प्राध्यापक-पाद्री नव्हते, ज्यांचा बंदोबस्त करायला हे गाव वसवलं म्हणतात. ते सरकारचे स्वतःचे, हाताने वाढवलेले कामगार होते.

क्राकूवचे तेव्हाचे तरुण बिशप, नाव कारोल वोइतिवा, यांनी १९५९ पासून नाताळच्या मध्यरात्री बिएन्चित्सेच्या मोकळ्या मैदानात प्रार्थना घ्यायला सुरुवात केली. डिसेंबरमधली पोलंडची मध्यरात्र म्हणजे काय चीज आहे हे मी अनुभवलंय, दहा मिनिटांत नाक आपलं राहत नाही. त्या थंडीत हजारो माणसं उभी राहायची. शेवटी परवानगी मिळाली, १९६७ मध्ये वोइतिवांनी स्वतः फावडं मारून कामाला सुरुवात केली, पण सरकारने ना मशिनरी दिली ना सामान. दहा वर्षं लोकांनी हातांनी बांधलं, देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन गेले, आणि भिंतींना बाहेरून जे गोटे लावलेत ते नद्यांतून वेचून आणलेले, सुमारे २० लाख. आर्किटेक्ट वोइचेख पिएत्शिक. आकार जहाजाचा, म्हणून नाव 'आर्का पाना', परमेश्वराची नौका, आणि वर ७० मीटर उंच डोलकाठी. १५ मे १९७७ ला उद्घाटन झालं. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, वोइतिवा पोप झाले, जॉन पॉल दुसरे ते हेच. १९७९ मध्ये पोप म्हणून ते पोलंडला आले तर सरकारने त्यांना वसाहतीत येऊ दिलं नाही, मग ते शेजारी मोगिव्याच्या त्या १२२२ च्या मठात आले आणि तिथून बोलले. भिंतीवरून हात लावून बघावं असं हे चर्च आहे, गोटे उन्हाने गरम झालेले असतात, आणि एकसारखे दोन नाहीत.

इकडे कारखाना वाढतच होता. १९५४ पासून नाव लेनिन स्टील वर्क्स, लोकांच्या तोंडी नुसतं 'कोम्बिनात'. जागा सुमारे १००० हेक्टर. सत्तरच्या दशकात इथे चाळीसेक हजार माणसं कामाला होती आणि वर्षाला ६० लाख टनांच्या वर पोलाद निघायचं. मुख्य दरवाजापाशी ऑफिसच्या दोन इमारती आहेत, राजवाड्यासारख्या, वर नक्षीदार कठडे, एकीला लोक म्हणायचे व्हेनिसच्या डोजचा (तिथल्या जुन्या सत्ताधीशाचा) राजवाडा आणि दुसरीला व्हॅटिकन. आणि धूर! खिडकीत वाळत टाकलेली चादर संध्याकाळी राखाडी. पश्चिमेकडून वारा असला तर जरा बरं, नाहीतर सगळं जुन्या क्राकूववर, तिथल्या दगडी मूर्तींची नाकं-डोळे त्या आम्लाने झिजले. मामा म्हणतो आमच्याकडे लाल धूळ असायची, तुमच्याकडे कसली. कसली का असेना, घरातल्या बाईलाच पुसावी लागायची.

१९८० मध्ये सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना आली तेव्हा तिचा एक मोठा बालेकिल्ला कुठला, तर लेनिनच्या नावाचा हा कारखाना. डिसेंबर १९८१ मध्ये मार्शल लॉ लागला, संघटनेवर बंदी आली, आणि मग लोक आर्का पानामध्ये प्रार्थनेला जमायचे आणि तिथूनच मोर्चे निघायचे. १३ ऑक्टोबर १९८२ ला अशाच एका दिवशी बोगदान व्वोशिक नावाच्या वीस वर्षांच्या कामगाराला साध्या कपड्यातल्या गुप्त पोलिसाने गोळी घातली, चर्चच्या अगदी जवळ. तिथे आता स्मारक आहे, फुलं नेहमी असतात. १९८८ च्या वसंतात कारखान्यात पुन्हा मोठा संप झाला आणि ४ मेच्या रात्री पोलिसांनी आत घुसून तो मोडला. पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, सरकारच गेलं.

मग सुरू झाला नावं बदलायचा कारभार, आणि इथे नोवा हुताने खरी करमणूक केलीय. गुलाबांचा मार्ग नावाच्या रस्त्यावर १९७३ पासून लेनिनचा सात टनी पुतळा चालण्याच्या पोजमध्ये उभा होता. १९७९ मध्ये कोणीतरी रात्री बॉम्ब लावला तर आसपासच्या काचा फुटल्या आणि लेनिनची फक्त टाच उडाली. डिसेंबर १९८९ मध्ये क्रेनने उचलला, पुढे एका स्वीडिश माणसाने विकत घेतला आणि स्वीडनमधल्या एका मनोरंजन पार्कात नेऊन उभा केला. लेनिन मार्गाचा झाला सॉलिडॅरिटी मार्ग. सहा वर्षांच्या योजनेच्या मार्गाचा झाला जॉन पॉल दुसरे मार्ग. ऑक्टोबर क्रांती मार्गाला जनरल आंदेर्सचं नाव, महायुद्धातला पोलिश सेनापती, जो कम्युनिस्टांना अजिबात चालायचा नाही. आणि कळस म्हणजे मधला चौक, प्लात्स त्सेन्त्राल्नी, त्याला २००४ मध्ये कम्युनिझमचा कट्टर विरोधक असलेल्या अमेरिकी अध्यक्ष रोनाल्ड रेगनचं नाव दिलं! रेगन! ट्राम थांब्यावर दोन्ही नावं लिहिलेली आहेत, पण मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून रेगन ऐकलेला नाही, 'त्सेन्त्राल्नीला भेटू' एवढंच. जसं आपल्याकडे व्हीटी म्हणणारे व्हीटीच म्हणत राहतात.

कारखान्याचंही नाव बदललं, १९९० मध्ये तो झाला तादेउश सेंझिमिर स्टील वर्क्स. हा माणूस आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर आहे पण नाव कोणाला माहीत नाही. पोलंडचा इंजिनिअर, नंतर अमेरिकेत गेला, आणि लोखंडाच्या पत्र्यावर जस्ताचा थर सलग पट्टीवरच चढवायची पद्धत त्याने काढली. आपल्या गावाकडच्या छपरावरचा जीआय पत्रा आठवा, तो कारखान्यात सलग निघतो त्यामागे मूळ डोकं याचं.

नंतर एक भारतीय नाव येतं. २००३-०४ मध्ये पोलंडने आपले मोठे पोलाद कारखाने एकत्र करून विकले ते लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीला, आज ती आर्सेलरमित्तल. त्यामुळे मी भारतातली आहे म्हटल्यावर इथला एखादा रिटायर्ड कामगार हमखास 'मित्तल!' म्हणतो, कधी हसून, कधी न हसता. कारण माणसं तर ९० च्या दशकापासूनच कमी होत होती, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये इथली शेवटची भट्टी थांबवली, ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की ती आता कायमची बंद. कंपनीने मागणी कमी, वीज महाग, युरोपात कार्बनचा खर्च भारी अशी कारणं दिली. पत्रे लाटायचं काम अजून चालतं, पण लोखंड वितळवणं संपलं. म्हणजे ज्या गावाच्या नावातच भट्टी आहे तिथे भट्टी नाही. ट्रामच्या थांब्याचं नाव अजून 'कोम्बिनात' आहे, आणि शिफ्टच्या वेळेला तिथे उतरणारी माणसं आता बोटांवर मोजावीत.

मग आता काय आहे इथे? ऐंशी-नव्वदच्या दशकात या भागाचं नाव फार खराब झालं होतं, फुटबॉलवाल्यांच्या टोळ्या, बेकारी, क्राकूवची माणसं सांगायची रात्री तिकडे जाऊ नका. मला ऑफिसातल्या एकाने २०१९ मध्येसुद्धा तेच सांगितलं होतं, तो स्वतः कधी आलेला नव्हता. जुन्या एका नोवा हुता जिल्ह्याचे १९९१ मध्ये पाच वॉर्ड झाले आणि सगळे मिळून सुमारे २ लाख लोक राहतात. यातला जुना भाग, १९५० च्या दशकातला, आणि नंतरची बिएन्चित्से, मिस्त्शेयोवित्सेची तयार स्लॅबची उंच खोकी, हे दोन वेगळे प्रकार आहेत हे लक्षात ठेवा, फिरायला येणारे सगळं एकच समजतात. जुन्या भागाची मांडणी २००४ मध्ये वारसा यादीत गेली, २०२३ मध्ये तिला राष्ट्रीय पातळीवरचा 'इतिहासाचं स्मारक' हा दर्जा मिळाला.

पर्यटकांसाठी जुन्या त्राबांत (कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत बनलेल्या छोट्या) गाड्यांतून 'कम्युनिझम टूर' निघते, पोरं कमानीपाशी उतरतात, राखाडी भिंतीचा फोटो काढतात, म्हणतात किती उदास. मला राग येतो खरं सांगायचं तर. भिंत राखाडी आहे, पण तिच्या मागे पाच मिनिटं बसा ना. चौकाच्या दक्षिणेला तर एकदम कुरण सुरू होतं, संरक्षित, नदीची जुनी पूरजमीन, उन्हाळ्यात फुलपाखरं आणि गवत छातीएवढं. शहराच्या मुख्य चौकातून चालत दोन मिनिटांत कुरण, हे क्राकूवच्या जुन्या भागात कुठे मिळणार? 'श्वियातोविद' नावाच्या जुन्या सिनेमाघरात आता नोवा हुताचं म्युझियम आहे, त्याच्या तळघरातली ती अणुयुद्धाची खोली बघता येते, जाड लोखंडी दार, हवा शुद्ध करायचं हाताने फिरवायचं यंत्र. ते बघून मग 'बार म्लेच्नी'त जेवावं. शब्दशः दुधाचा बार, पण दारूशी संबंध नाही, ही सरकारी अनुदानावरची स्वस्त खानावळ. काउंटरवर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, खिडकीतून ताट उचलायचं, आणि खाऊन झालं की उष्टं ताट दुसऱ्या खिडकीत स्वतः नेऊन ठेवायचं, नाहीतर आतली बाई सगळ्यांसमोर सुनावते. पिएरोगी रुस्किए मागा, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, बटाटा आणि चीजचं सारण असतं, वरून परतलेला कांदा घालतात, शाकाहारी असाल तर डुकराची चरबी घालू नका हे आधी सांगा. मी शिकले चटका बसल्यावर.

घरांना आता मागणी आहे. झाडं, शांतता, शाळा खाली, ट्राम समोर, आणि जुन्या चौकापेक्षा भाडं कमी, तर माझ्यासारखे आयटीवाले, युक्रेनमधून आलेली कुटुंबं, क्राकूवचे तरुण जोडपी इथे यायला लागलेत. फ्लॅट लहान आहेत, स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली की फुल, लिफ्ट बहुतेक जुन्या बिल्डिंगांत नाही. माझी ऐंशी पारची शेजारीण तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचा नवरा कोम्बिनातमध्ये होता, ती पाळणाघरात. तिला मी विचारलं होतं की भट्टी बंद झाली तेव्हा काय वाटलं. म्हणाली, खिडकी पुसायचे कष्ट वाचले. मग जरा वेळाने म्हणाली, पण रात्री आकाश लाल व्हायचं ना, ते नाही आता, झोपायला अंधार फार वाटतो.

परवा मामाला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवत होते, कमान, बाक, लटकणारी पोरं, झाडं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाला, झाडांना चुना लावत नाहीत का गं तुमच्याकडे, बुंध्याला? आमच्याकडे दर दिवाळीआधी लावायचे.